पर्सनल कलर सेशन : फी नेमकी कशाची देताय ते आधी बघा

त्वचेला आणि केसांना कुठल्या रंगाचे कपडे शोभतील हे सांगणारी ‘पर्सनल कलर अ‍ॅनालिसिस’ ही सेवा दक्षिण कोरियाच्या सोल शहरात फोफावली, इन्स्टाग्रामवरून जगभर पसरली आणि आता मुंबई-पुण्यातही मिळते. सेशन साधारण एक ते दोन तासांचं, फी काही हजारांत. शेवटी हातात तीन गोष्टी पडतात : तुमच्या रंगगटाला दिलेलं एका ऋतूचं नाव (‘डीप ऑटम’, ‘कूल विंटर’ असं काहीतरी), रंगांची पट्टी आणि टाळायच्या रंगांची यादी. मत आधीच सांगून टाकतो. सेवा कामाची आहे, पण तिच्यातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग म्हणजे ते ऋतूचं नाव. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेच्या आणि काळ्या केसांच्या माणसाला खरा फायदा होतो तो गडद-फिक्याचा आणि भडक-मंदाचा निकाल नीट लागला तर. त्यातला बराचसा निकाल मॅचिंग सेंटरमधून आणलेल्या दहा-बारा तुकड्यांवर घरच्या घरीही लागतो.

हे थोतांड आहे का? नाही. कपड्याचा रंग चेहऱ्यावर दोन वाटांनी काम करतो. कापडावर पडलेला प्रकाश परत फिरून हनुवटीखाली, जबड्यावर, नाकाच्या खालच्या बाजूला येतो. पोपटी ओढणी घेतल्यावर गळ्यावर हिरवट झाक दिसते ती यामुळे. दुसरी वाट बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलून दाखवतात. पॅरिसच्या गोब्लां या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याच्याकडे काळ्या रंगाबद्दल तक्रारी आल्या. तपासल्यावर त्याच्या लक्षात आलं की काळ्याची चूक नाही, शेजारचे धागे त्याला मारतात. त्याचे नियम त्याने १८३९ साली छापले. आता गंमत अशी की चेहऱ्याच्या बाबतीत या दोन वाटा बऱ्याचदा उलट दिशेला ओढतात. राणी रंगाच्या कापडातून परतलेला प्रकाश हनुवटीला गुलाबी करतो, आणि त्याच कापडाशेजारी डोळ्यांना गाल किंचित हिरवट वाटतात. कोणाच्या चेहऱ्यावर काय जिंकेल हे तक्त्यावरून कळत नाही, कापड लावूनच बघावं लागतं. म्हणून सेशनचा गाभा म्हणजे आरशासमोर एकामागून एक कापडं खांद्यावर टाकणं, ज्याला ‘ड्रेपिंग’ म्हणतात.

ऋतूंची कल्पना आली बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इट्टेनपासून. विद्यार्थी स्वतःहून निवडतात त्या रंगसंगतींचं त्यांच्या त्वचेशी आणि केसांशी नातं असतं, असं त्याचं निरीक्षण होतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात त्याची चार ऋतूंची घरगुती पद्धत झाली. ती बेतलेली होती सोनेरी, तांबूस, भुऱ्या, काळ्या अशा नाना रंगांच्या केसांवर आणि निळ्या-हिरव्या-तपकिरी डोळ्यांवर. काळे केस आणि काळेभोर डोळे दिसले की माणूस सरळ ‘विंटर’मध्ये टाकला जाई. पुढे चाराचे बारा झाले, कुठे सोळा. तरी आपल्याकडे निकाल दोन-तीन ‘डीप’ खणांतच गर्दी करतात. एकाच खणात बसलेल्या दोन बहिणींना हळदी रंग वेगवेगळा दिसतो, हे कोणत्याही लग्नात बघता येईल.

ऋतूऐवजी तीन प्रश्न विचारणारा सल्लागार चांगला. रंग कुठल्या बाजूला झुकतो, पिवळ्या की निळ्या? किती गडद? किती भडक? अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगाची मोजणी याच तीन मापांत बसवली आणि ती अजून वापरात आहे. बहुतेक सेशनमध्ये पहिल्या प्रश्नावर, म्हणजे वॉर्म की कूल यावर, निम्म्याहून जास्त वेळ जातो. आपल्या त्वचेसाठी हा क्रम उलटा हवा : आधी गडद-फिका, मग भडक-मंद, शेवटी वॉर्म-कूल.

आता सेशनमध्ये काय असायला हवं ते. चेहरा धुऊन वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, कारण घासल्यामुळे आलेली लाली उतरायला तेवढा वेळ जातो. काजळ, टिकली, रंगीत लेन्स काढायच्या. मंगळसूत्र काढायचं नसेल तर खांद्यावरच्या राखाडी कापडाखाली सरकवायचं. सोनं हनुवटीवर पिवळा प्रकाश फेकतं आणि पहिलाच निकाल बिघडतो. केस रंगवलेले किंवा मेंदीचे असतील तर पांढऱ्या वा राखाडी टोपीत झाकायचे. भिंत राखाडी किंवा पांढरी. मोरपिशी भिंतीच्या सुंदर स्टुडिओत बसवलं तर समजून चाला की निकालात भिंतही मिसळली आहे.

प्रकाश हा सगळ्यात मोठा चोर. खिडकीतला उत्तरेकडचा प्रकाश सर्वोत्तम, दिवे असतील तर ५००० ते ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे प्रकाश पिवळट की निळसर याचं माप) आणि ९० च्या वर सीआरआय असलेले. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. घरगुती एलईडी बहुधा ८० च्या आसपास असतात आणि त्यांची कमजोरी नेमकी गडद लालात असते. तपकिरी त्वचेचा तजेला बराचसा लालावर उभा आहे, त्यामुळे अशा दिव्याखाली गव्हाळ चेहरा पिवळट, मलूल दिसतो आणि सल्लागार ठरवून मोकळा होतो की तुम्हाला पिवळा चालत नाही. दिवा थेट डोक्यावर असेल तर आणखी वाईट : डोळ्यांखाली सावली पडते आणि तिचं खापर कापडावर फुटतं. दिवे चेहऱ्याच्या उंचीला, समोरून दोन्ही बाजूंना हवेत. बुकिंगआधी दिव्यांचा सीआरआय विचारा. उत्तर देता आलं नाही तर भर दिवसा, खिडकीजवळची वेळ मागा.

कापडं कशाची आहेत हेही बघा. सॅटिनचे ड्रेप फोटोत देखणे दिसतात, पण त्यांची चमक चेहऱ्यावर पांढरा प्रकाश फेकते आणि रंग दुय्यम होतो. मॅट सुती किंवा क्रेप हवं, सगळे तुकडे एकाच पोताचे. वॉर्म-कूल तपासताना जोडीतले दोन्ही रंग सारखेच गडद असायला हवेत. गडद मरूनच्या विरुद्ध फिका पीच ठेवून ‘बघा, तुम्ही कूल आहात’ म्हणणं ही या धंद्यातली नेहमीची गफलत आहे. तिथे जिंकलेला असतो गडदपणा, नाव होतं कूलचं.

मनगटाच्या शिरा बघून हिरव्या म्हणजे वॉर्म, निळ्या म्हणजे कूल, ही चाचणी आपल्याकडे निरुपयोगी आहे. शिरेचा दिसणारा रंग ती किती खोल आहे आणि वर मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, किती आहे यावर बदलतो. गव्हाळ मनगटावर बहुतेकांच्या शिरा हिरवटच दिसतात. सोनं शोभतं की चांदी, हीही कच्ची कसोटी. स्वतःला लहानपणापासून सोन्यातच बघितलेल्या डोळ्यांना सोनंच शोभून दिसणार. आणि फिट्झपॅट्रिकची सहा प्रकारांची पट्टी दाखवून कोणी निष्कर्ष काढत असेल तर उठून या : तिची सुरुवात १९७५ मध्ये झाली ती उन्हाने त्वचा भाजते की काळवंडते हे नोंदवायला, साडीचा रंग निवडायला नव्हे.

बघायचं कुठे? कापडाकडे नाही. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांभोवतीची काळसर झाक, जबड्याची कड, ओठांचा मूळ रंग, डोळ्यांतला पांढरा भाग, एवढ्या पाच जागा. आपल्याकडे डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती रंगद्रव्य जास्त असणं अगदी सर्रास आहे, आणि चुकीचा रंग सगळ्यात आधी तिथेच पकडला जातो. योग्य कापड लावलं की ती वर्तुळं चेहऱ्यात विरतात, चुकीचं लावलं की दोन छटा गडद होतात. पन्नास रंग दाखवून प्रत्येकाला ‘वॉव’ म्हणणाऱ्या सल्लागारापेक्षा पंधरा रंग दाखवून प्रत्येक वेळी ओठांभोवती बोट फिरवणारा कितीतरी चांगला. आदल्या दोन-तीन दिवसांत ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग केलेलं नको. उन्हाने चेहरा आणि गळा यांत फरक पडला असेल तर निकाल गळ्याच्या रंगावर घ्यावा, कारण कापड टेकतं तिथे.

ऑनलाइन सेशन स्वस्त असतं आणि त्याच्या किमतीइतकंच असतं. तुमच्या फोटोभोवती डिजिटल रंग भरून ‘हा बघा, हा नाही’ असं दाखवतात. पण स्क्रीनवरच्या रंगातून प्रकाश उलटून तुमच्या हनुवटीवर येत नाही, म्हणजे दोनपैकी एक वाट मुळातच बंद. शिवाय फोन स्वतःच्या मर्जीने व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, बदलतो. लाल किंवा पिवळा कुर्ता घातला की चेहरा निळसर करतो आणि निळा घातला की उलटं. रंगीत वर्तुळात चेहरा बसवणाऱ्या फुकट फिल्टरांचंही तेच, वर त्यातले काही त्वचा गुळगुळीत आणि उजळ करतात, म्हणजे जे बघायचं तेच पुसून टाकतात. तरी ऑनलाइनच करायचं असेल तर फोटो नीट द्या : मागचा कॅमेरा, एक मीटर अंतर, ब्यूटी मोड बंद, सकाळी दहाच्या सुमारास सावलीतली बाल्कनी, थेट ऊन नको, हनुवटीखाली पांढरा ए-फोर कागद. कागदामुळे समोरच्याला निदान रंगाचा तोल दुरुस्त करता येतो. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ यासाठी उत्तम.

घरचा उपाय. मॅचिंग सेंटरवाल्याकडे टू बाय टू रुबियाचे, म्हणजे ब्लाउजच्या कापडाचे, शेकडो रंग रचलेले असतात, मॅट असतात, एकाच पोताचे असतात. कोणत्याही आयात केलेल्या ड्रेप-संचाहून हे कपाट मोठं आहे. अर्धा-अर्धा मीटर घ्या. अस्तराचं कापड आणखी स्वस्त, पण विरळ, ते दुहेरी करून वापरावं लागतं. जोड्या अशा : पांढरा शुभ्र आणि हाफ व्हाइट; राणी आणि गाजरी; बॉटल ग्रीन आणि मेंदी; नेव्ही आणि आकाशी; मोरपिशी आणि धुरकट निळा; राखाडी आणि बदामी. बारा तुकडे झाले. यातल्या राणी-गाजरी आणि बॉटल ग्रीन-मेंदी या जोड्या बाजूच्या, म्हणजे वॉर्म-कूलच्या. त्यांचा फोटो काढून मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल, फिल्टर लावा, दोन्ही तुकडे जवळपास सारखेच राखाडी दिसले पाहिजेत. फार फरक असेल तर दुकानात परत जाऊन छटा बदला. नेव्ही-आकाशी गडदपणासाठी, मोरपिशी-धुरकट भडकपणासाठी.

मग खिडकीकडे तोंड करून बसायचं, केस मागे, खांद्यावर पांढरा टॉवेल. दुसऱ्याने कापड गळ्याला चिकटवून धरायचं, पाच सेकंदांत बदलायचं. सावकाश बदललं तर डोळे त्या रंगाला सरावतात आणि फरक हातून निसटतो. प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न : आधी चेहरा दिसला की आधी कापड? रंगीत फोटो काढू नका, फसाल. फक्त गडद-फिक्यासाठी मोनोक्रोम फोटो काढा आणि केस, गाल, कापड यांच्या तीन राखाडी छटा शेजारी-शेजारी बघा.

हा मोनोक्रोम फोटो फुकटचा आहे आणि सगळ्यात जास्त शिकवतो. गालाची राखाडी आणि कापडाची राखाडी एक झाली की चेहरा विरघळतो, मग रंग वॉर्म असो वा कूल. गव्हाळ त्वचेला बदामी, खाकी, मळकट पीच आणि दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून विकला जाणारा तो प्रकार यांत हीच अडचण आहे. ऑफिसच्या बेज कुर्त्यात माणूस आजारी दिसतो त्याला बहुधा अंडरटोन, म्हणजे त्वचेखालची पिवळट किंवा निळसर झाक, कारण नसतो. असा कुर्ता असेलच तर टाकू नका, गळ्याजवळ गडद ओढणी घ्या, काम भागतं.

गव्हाळ रंगाला आणि काळ्या केसांना डाळिंबी, मोरपिशी, बॉटल ग्रीन, वांगी, नेव्ही हे सहसा फसवत नाहीत, कारण ते केसांच्या बाजूला झुकलेले गडद आहेत आणि तरी मेलेले नाहीत. सावळ्या, गडद त्वचेबद्दल घरोघरी एक सल्ला ऐकू येतो : भडक नको, फिकंच बरं. हा सल्ला उलटा आहे. गडद त्वचा आणि काळे केस यांत अंतर कमी असतं, म्हणून जोर कपड्याने आणायचा. राणी, केशरी, हळदी, रॉयल ब्लू, पांढरा शुभ्र या रंगांत असा चेहरा उठून येतो. बुडतो तो चॉकलेटी, धुरकट राखाडी आणि पावडर मिसळल्यासारख्या फिक्या गुलाबी-जांभळ्यात. तिथे त्वचेवर राख फासल्यासारखी झाक येते. फिकंच हवं असेल तर स्वच्छ फिकं घ्या, मोतिया किंवा लिंबू. निमगोऱ्या, लालसर झाक असलेल्या चेहऱ्यांना टोमॅटो लाल जपून, गालावरची लाली आणि पुरळ दोन्ही वाढलेली दिसतात.

सगळ्यात जास्त चुकीचे निकाल मिळतात ते ऑलिव्ह त्वचेला, म्हणजे गव्हाळ रंगाखाली हिरवट झाक असलेल्यांना. पिवळट दिसतात म्हणून त्यांना वॉर्म ठरवतात, हातात मोहरी, मेंदी, विटकरीची पट्टी देतात, आणि नेमक्या मोहरीतच ही मंडळी काविळीतून उठल्यासारखी दिसतात. ओळख अशी : गाजरी आणि राणी दोन्ही नीट बसत नाहीत, पण अंजिरी, वांगी, मोरपिशीसारखे मधले रंग लगेच बसतात. तुमच्या बाबतीत असं होत असेल तर सल्लागाराला ‘ऑलिव्ह असेल का’ हे स्वतःहून विचारा. त्याने शब्द ऐकलेला नसेल तर फीबद्दल पुन्हा विचार करायला हरकत नाही.

केस बदलले की पट्टी बदलते, हे बहुतेक सेशनमध्ये सांगतच नाहीत. पांढऱ्या केसांवर मेंदीने आलेला केशरी-तांबूस रंग हा स्वतःच एक भडक वॉर्म तुकडा आहे, चेहऱ्याला चोवीस तास चिकटलेला. त्याच्याशेजारी फिका गुलाबी किंवा गुलबक्षी भांडतो. शेवाळी, विटकरी, मोरपिशी जमतात. केस पांढरे होऊ दिले की चेहरा आणि केस यांतलं अंतर कमी किंवा उलटं होतं. गव्हाळ चेहरा आणि रुपेरी केस असतील तर नेव्ही, डाळिंबी, कोळशासारखा राखाडी उत्तम. पिवळट क्रीम टाळा, त्याने केसही पिवळे वाटतात. साठीत केस काळेभोर रंगवणाऱ्यांची अडचण निराळी. त्वचा मऊ, मंद झालेली असते आणि केस एकदम कडक काळे. वर गळ्याशी काळा शर्ट आला की डोळ्यांखालचं सगळं वर येतं. एक-दोन छटा उतरून गडद तपकिरी रंग लावला तर कपाट बदलावं लागत नाही.

साडीचं गणित परदेशी पद्धतीवर चालणाऱ्या सल्लागारांना जमत नाही. साडीत चेहऱ्याजवळ असतो तो ब्लाउज आणि खांद्यावरचा काठ. अंगाचा रंग कमरेखाली बराच उरतो. न शोभणाऱ्या रंगाची साडी शोभणाऱ्या काठाने आणि ब्लाउजने सहज नेसता येते. गळा खोल असेल तर कापड हनुवटीपासून वीतभर लांब जातं आणि रंगाचा दोष बराच कमी होतो. बंद गळ्याला मात्र रंग अचूकच हवा. संक्रांतीची काळी साडी डोळ्यांखाली काळं दाखवत असेल तर गळ्याशी पांढरे हलव्याचे दागिने आहेतच, ते चेहऱ्यावर प्रकाश परत फेकतात. नवरात्रात ठरलेला रंग आला की रंग बदलता येत नाही, छटा येते : पिवळ्यात लिंबू, हळदी, मोहरी, केळी असे चार तरी पिवळे बाजारात असतात, त्यातला एक तुमचा असतोच.

पुरुषांसाठी काम सोपं, शर्टाची कॉलर एवढाच प्रश्न. दाट दाढी चेहऱ्याखाली गडद चौकट करते, म्हणून दाढीवाल्याला पांढरा शुभ्र सहज पेलतो. दाढी काढली की तोच शर्ट कडक वाटू शकतो, मग हाफ व्हाइट किंवा आकाशी.

पैसे द्यावेत कोणी? केस नुकतेच पांढरे होऊ लागलेल्यांनी, ऑलिव्ह असल्याचा संशय असलेल्यांनी, रोज कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्यांनी, आणि सोबत कापड धरायला कोणी नसणाऱ्यांनी. समोरासमोरचं सेशन, दिवसाउजेडी, मॅट ड्रेप, अशा अटी पाळल्या तर फी वसूल आहे. लग्नाच्या खरेदीआधी नवरीने जायचं असेल तर मेकअपशिवायचा निकाल घेऊन, त्यातले चार-पाच रंग नंतर मेकअपसकट पुन्हा तपासून घ्यावेत, कारण फाउंडेशनची छटा वेगळी असली की त्वचाच बदललेली असते.

पट्टी पीडीएफमध्ये देत असतील तर घेऊ नका. प्रत्येक फोनवर तिचा रंग वेगळा. छापील कागदी पट्टीपेक्षा कापडाच्या तुकड्यांची चांगली. ती खरेदीला नेलीत तरी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळवू नका. एका दिव्याखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे पडतात, दोन्हींत वापरलेली रंगद्रव्यं वेगळी असली की हे होऊ शकतं. तागा दाराबाहेर नेऊन बघू द्या म्हटलं तर मॅचिंग सेंटरवाला कधी नाही म्हणत नाही, त्याचीही तीच पद्धत आहे.